प्यालेला बॉल

“रोशनी, कौनसा?”

कुलदीपसाहेबांनी मागे हात पसरून विचारलं आणि चाळीस पावलं पुढे उन्हात उभ्या असलेल्या खुशालच्या पोटात दुखायला लागलं. बावीस वर्षं हा प्रश्न त्याचा होता. भद्रावतीतल्या कॉलनीच्या गोल्फ मैदानावर किती साहेब आले, बदली होऊन गेले. बॅग उचलायला खुशाल आणि बॉल कोणता हे सांगायलाही खुशालच. आता महिन्याभरापासून बॅग रोशनीच्या खांद्यावर आणि खुशाल आगेवाला. आगेवाला म्हणजे पुढे जाऊन उभं राहायचं आणि बॉल कुठे पडतो ते बघायचं. हे नवशिक्याचं काम. एखाद्या गुराख्यानेही केलं असतं.

“मधला घ्या जी,” रोशनी म्हणाली. “महागाचा नरम रायते, हिरवळीवर गपकन थांबते. पन तुमचा फटका धीमा, त्याचा पैसा वसूल नाई होत. स्वस्ताचा निरा दगड हाय, दूर जाते न् टणाटणा उडते. अन् साहेब, महागाचा बॉल हारपला का मानूसच हारपते.”

साहेब खदखदून हसले.

ते शेवटचं वाक्य खुशालचं होतं. वाक्य त्याचं, तोंड तिचं आणि वाहवाही तिचीच! मैदानाला पाणी मारणाऱ्या या बाईला चार वर्षांपूर्वी त्यानेच झुडपातले हरवलेले बॉल शोधायला नेलं, धुवायला शिकवलं. दोन बॉल कानाजवळ एकमेकांवर आपटायचे. चांगला असला तर टक् बोलतो, तळ्यात पडून पाणी मुरलेला असला तर ठक्. अशा बॉलला इथले कॅडी, म्हणजे बॅग उचलणारे, ‘प्यालेला’ म्हणतात. दिसायला पांढराशुभ्र, पण अंगातली ताकद गेलेली. हे सगळं आपणच शिकवलं हे आठवलं की खुशालच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ‘तुमचा फटका धीमा’ असं साहेबाच्या तोंडावर सांगायची छाती मात्र त्याला बावीस वर्षांत झाली नव्हती, आणि खरं तर तेच त्याला जास्त झोंबत होतं.

त्याची बायको रुखमा समजूत घालायला गेली. “जाऊ द्या ना जी. तुमचीच चेली हाय ते.”

“चेली नाई, नागीन हाय,” खुशाल म्हणाला आणि अर्ध्या ताटावरून उठला.

रविवारी वर्षाची मोठी मॅच होती. सुरू व्हायच्या आधी रोशनी त्याच्याकडे आली.

“खुशालभाऊ, सातव्या होलसाठी एक बॉल द्या ना तुमच्याजवळचा. तळं पार कराचं हाय. माह्याजवळचे समदे घासले.”

तिने मागितलाच नसता तर आपण काही केलं नसतं, असं तो पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिला. त्याने पिशवीत हात घातला. बोटांनीच ओळखून एक प्यालेला बॉल काढला, सोड्याने घासून चकचकीत केलेला.

“घे. ताजा हाय.”

तिने तो दुसऱ्या बॉलवर हलकेच आपटून कानाशी ऐकला. ती क्षणभर थांबली, त्याच्याकडे बघून हसली आणि साडीवर चढवलेल्या शर्टाच्या खिशात तिने बॉल टाकला.

सातव्या होलला खुशाल तळ्याच्या अलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिला. साहेबांचा फटका झकास बसला. बॉल सरळ आला, आणि कोणी पाय धरून ओढावं तसा मध्येच खाली आला. डुबुक! खुशालला आनंद झाला. खोटं कशाला बोला, अगदी मनापासून झाला.

साहेब लालबुंद होऊन काठावर आले. “ये कौनसा बॉल दिया था?”

खुशालच्या तोंडचं पाणी पळालं. आता ही आपलं नाव घेणार.

“चुकी झाली जी,” रोशनी खाली बघत म्हणाली. “माहाच हात चुकला.”

“खुशाल, बॅग तू ले. और रोशनी, तू आगे जा.”

खांद्यावरचा पट्टा उतरवून देताना ती हळूच म्हणाली, “मले ठक् ऐकू आलं होतं, भाऊ.”

“मंग काऊन देल्ला?”

“तुमी ताजा म्हनलं ना. मले वाटलं, माहाच कान खराब झाला असन. बावीस सालाचा हात कसा चुकन?”

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण तिने ते खरंच विचारलं होतं. त्याच्या तोंडाकडे बघता बघता तिला काय ते कळलं. तिने पदर कमरेला खोचला आणि ती तळ्याला वळसा घालून पुढे निघून गेली.

बॅगेच्या कप्प्यात रोशनीने धुऊन ठेवलेले बॉल होते. घासलेले, पण सगळे टक् बोलणारे. त्यातलाच एक खुशालने काठावरून पुन्हा मारायला साहेबांच्या हातावर ठेवला.

“साहेब, तो मघाचा बॉल...”

“चुप!”

साहेब फटक्याला उभे राहिले की कॅडीने बोलायचं नाही. बॉल तळ्यावरून सुंदर गेला आणि पलीकडे हिरवळीवर पडून जागच्या जागी थांबला. साहेबांनी खुशालच्या पाठीवर थाप मारली. “देखा? तेरे हाथ की बात ही अलग है!”

मघाचे शब्द काही पुन्हा खुशालच्या तोंडात आले नाहीत.

तिकडे रोशनी बॉल पडला त्या जागी जाऊन उभी राहिली आणि खूण म्हणून तिने हात वर केला. ते दोघं तिथे पोचेपर्यंत तिने तो खाली घेतला नाही.