ग्रुपवर रुसलेला मामा

आमच्या घराण्यात कुणी रुसलं की ग्रुप सोडतं. रीतच पडलीय तशी. ग्रुप सोडला की सगळ्यायच्या फोनात मधोमध बारीक अक्षरात यायचं, अमका गेला. मग त्याच दिवशी सांजच्याला कुणीतरी त्याच्या घरी जायचं, चहा प्यायचा, सोड आता राग म्हणायचं, आणि पोरं त्याला परत जोडायची. माझी जाऊ चतुराबाई तर दर सणाला ग्रुप सोडायची. तिच्या घरचा चहा पिऊन पिऊन मला पित्त झालं.

हे फोनातल्या त्या ग्रुपवाल्या कंपनीनं बदललं, ते आमाला कोण सांगणार?

झालं असं. माझा धाकटा भाऊ चंद्रभान येलदरीला राहतो. शेती करतो, धरणात जाळं बी टाकतो. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी त्याला हा एवढा मासा घावला, आणि या शहाण्यानं तो दोन्ही हातात धरून, फोटो काढून ग्रुपवर टाकला. हिकडं सगळ्या बायकांचे उपास, घट मांडलेले. चतुराबाईनं त्याला भर ग्रुपात झाडलं. मी हसले आणि घटाला हार घालायला गेले. चंदर गप. मला वाटलं, मिटलं.

पुढं माझ्या सृष्टीचं लगीन ठरलं. पत्रिका ग्रुपवर टाकली. पुण्याची, नांदेडची माणसं हात जोडायलीत, फुलं धाडायलीत. खरं सांगते, त्या ग्रुपचं मला लय कौतुक हाय. बस्ता बांधला तेव्हा माझ्या पुण्याच्या बहिणीनं घरी बसून साड्या निवडल्या. हे नसतं तर आमचं अडलं असतं का? अडलं असतं बाई, कामून खोटं बोलू?

फक्त चंदरचं उत्तर आलं न्हाई. फोन केला तर मी लग्नाचं काढायच्या आत 'हं, बरं हाय' म्हणून ठेवून दिला. आता आमच्यात मामाबिगर लगीन लागत न्हाई. पोरीला बोहल्यावर मामा आणतो, अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी तोच उभा राहतो. हळद तोंडावर आली तशी मी माझ्या पोराला, आदिनाथला, म्हणले, मामानं पत्रिका वाचली का बघ जरा. त्यानं फोन वरखाली केला आणि तोंड एवढंसं केलं.

"माय, मामा ग्रुपमधी न्हाईतच."

ग्रुपचा कारभार आदिनाथकडंच. तो म्हणे, आता कुणी गेलं तर फक्त कारभाऱ्याला कळतं, बाकीच्यायला न्हाई. जाणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून तसं केलंय म्हणे. आणि आमचे हे कारभारी ग्रुपचा आवाज बंद करून बसलेले. माशाच्या दिवशीच गेला होता माझा भाऊ. मी कपाळावर हात मारून घेतला. अरे, रुसणाऱ्याला कुठली लाज? त्याला कुणीतरी यावं वाटतं. एवढी अक्कल ज्यायला न्हाई ते आमच्या रुसण्यात कशाला पडतेत?

आदिनाथ म्हणाला, परत जोडतो, सॉरी लिहितो. मी म्हणले, ठेव तो फोन. कुंकू, अक्षता, नारळ घेतला आणि जिंतूरहून येलदरीची बस धरली. सगळ्या रस्त्यानं एकच इचार. न्हाईच आला तर सृष्टीच्या मागं कुणाला उभं करू?

चंदर अंगणात जाळं सांधायला बसला होता. मला बघितलं आणि खाली मुंडी घालून सांधतच राहिला. भावजयीनं, सगुणाबाईनं, पाणी आणलं. मी सगळं सांगितलं, कंपनीचं, आदिनाथचं, बंद आवाजाचं. तो ऐकायलाय का न्हाई, देव जाणे. मग हळूच म्हणाला,

"त्या दिवशी सांजच्याला चहाचं आधण ठेवायला लावलं होतं मी, अक्का. तुमी येताल म्हणून."

मला रडूच फुटलं. म्हणले, चंदर, मला कळलं असतं तर अशीच पळत आले असते रे. तू लग्नाला येणार का न्हाई तेवढं सांग.

सगुणाबाई आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. माझ्या आहेराचं लुगडं, सृष्टीची साडी, त्याचा कोरा फेटा.

"लग्नाची खबर ह्यायला बाजारात लागली होती, अक्का. बोलावणं न्हाई तर मंडपात कसं जावं? म्हणायले, रस्त्यावर उभा राहतो, तिथूनच अक्षता टाकतो."

त्या कंपनीचं भलं होवो. खबर दिली असती तर मी त्याच दिवशी चहा पिऊन, दोन गोष्टी बोलून परत आले असते. माझा भाऊ बिनबोलावता रस्त्यावर उभा राहणार होता, हे मला जन्मात कळलं नसतं.

सृष्टीला बोहल्यावर चंदरनंच आणलं. नवा फेटा घालून तो तिच्या मागं उभा होता, तिच्या खांद्यांवर हात ठेवून. मी त्या हातांकडंच बघत राहिले. मंगलाष्टकं कधी झाली, मला कळलंच न्हाई.