काठावरचा वाटा

मुळशीच्या तलावात काठावरून गळ टाकायला त्या काळी कागद लागत नसे. मासा लागला, घरी नेला, खाल्ला, की कायद्याचं समाधान होई. तोच मासा पौडच्या बाजारात मांडला, की मात्र परवाना हवा. म्हणजे मासा पाण्यात निरपराध, कालवणात निरपराध, पाटीत तेवढा गुन्हेगार. हे मला तलावाचा राखणदार नथू समजावून सांगे, आणि सांगता सांगता कुणाच्या तरी गळाची एखादी मरळ टॉवेलात गुंडाळून घरी नेई. ती खाण्यापुरतीच असल्यामुळे कायदेशीर होती.

साल अठ्ठावन्न. मी तिथं मास्तर होतो. शाळेमागं कोंडिबा आणि भैरू हे भाऊ राहत; घर एक, चुली दोन. बापाची भातखाचरं धरणाच्या पाण्याखाली गेली होती. वर काठाला जमिनीचा एक वरकस तुकडा उरलेला, तोही दोघांत मिळून, कधीच न वाटलेला.

वाटत ते फक्त मासे. संध्याकाळी कोंडिबा गळ गुंडाळून एका सपाट दगडावर दोन ढीग करी. भैरू पाठ करून बसे. एका ढिगावर बोट ठेवून कोंडिबा विचारी, "ह्यो कुनाचा?" पाठमोऱ्या भैरूनं "तुजा" किंवा "माजा" म्हणायचं, म्हणजे कुणावर अन्याय नाही. पण मोठ्या ढिगावर बोट असलं की कोंडिबा हळूच खोके. हेतू असा, की धाकट्यानं ओळखावं आणि "माजा" म्हणावं. धाकटा ओळखायचा आणि "तुजा" म्हणायचा. पन्नाशीच्या दोन माणसांची ही लबाडी रोज चाले आणि रोज फसे.

पावसाळ्यात ओढ्यांतून वर चढणारे मासे इतके घावत, की दोन चुलींना आवरत नसत. उरलेले कोंडिबा पौडला नेऊन विकू लागला. भैरूला हे कळू द्यायचं नव्हतं. भैरूचं म्हणणं, आपण जमीनवाले. मासा खावा, शेजारी द्यावा, पण रस्त्यावर मांडून बसू नये. ती जमीन पाण्याखाली असल्यानं तिच्या इभ्रतीला मात्र बाधा आलेली नव्हती.

दुसऱ्याच बाजाराला अंमलदारानं पाटी जप्त केली आणि परवाना काढायला सांगितलं. कोंडिबा अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आला. म्हणाला, "ल्ह्या मास्तर, काठावर घावल्यालं वाटं इकाया परवानगी द्या. आन् भैरूला बोलू नगा."

आता, बाजारात हे मासे तागडीनं नाही, वाट्यानं विकतात. पाच-सहा मासे मांडले की एक वाटा. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, मला नव्हतं. आमच्या घरी मासा फक्त दशावतारात येई. शिवाय 'घावल्यालं' हा शब्द मला सरकारदरबारी शोभेसा वाटेना. मी तो गाळला आणि झोकात लिहिलं: 'अर्जदार आपला काठावरील वाटा विकू इच्छितो, तरी विक्रीस परवानगी मिळावी.' त्या अर्जात नाव होतं, गाव होतं, 'मेहेरबान' दोनदा होतं. मासा एकदाही नव्हता. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. कोंडिबा म्हणाला, "झ्याक."

कचेरीनं तो शहाण्यासारखा जमिनीच्या दप्तरात घातला.

श्रावणात तलाठी चौकशीला आला, तेव्हा कोंडिबा तलावावर होता आणि भैरू घरी. तलाठ्यानं त्याला काही विचारलं, काही लिहिलं, अंगठा घेतला आणि चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी भैरू बायकोला, रंभाबाईला घेऊन तिच्या माहेरी, मुठ्याला निघाला. भावाला एवढंच म्हणाला, की सासुरवाडीला भाताच्या बेणणीला माणूस कमी आहे. कोंडिबानं त्याला गणपतीपर्यंत परत यायला बजावलं. त्याचा वाटा म्हणून चार सुकवलेले मासेही बांधून दिले.

गणपतीच्या आत मुठ्याहून माणूस आला. तापानं भैरू गेला होता. कोंडिबा गेला, दहावं करून आला. रंभाबाई माहेरीच राहिली.

दसऱ्याला कचेरीचा लखोटा आला. कोंडिबा तो घेऊन माझ्याकडे आला. आता विकायला मन नव्हतं, पण कागद आलाय तर वाचा म्हणाला. मी वाचू लागलो. वाटा विकण्यास हरकत नाही, सहहिस्सेदाराचा जबाब सोबत जोडला आहे.

मी थांबलो. थांबायला नको होतं, त्यानं ओळखलं.

"वाचा," तो म्हणाला.

मी वाचलं: 'थोरल्यास नड असल्याखेरीज तो जमीन विकणार नाही. मला तोंडावर बोलण्यास त्यास जड जात असेल. मी त्याच्या समोर राहणार नाही. माझाही वाटा लागल्यास घ्यावा. निशाणी डावा अंगठा, भैरू.'

कोंडिबानं कागद हातात घेतला. त्याला वाचता येत नव्हतं. तो अंगठ्याकडे बघत होता. मी म्हणालो, चूक माझी आहे. मला वाटा म्हणजे काय ते कळलं नाही.

"न्हाई मास्तर. तुमी बराबर लिवलं. मी वाटंच म्हनलो." मग कागदाची घडी घालत म्हणाला, "इचारलं असतं त्यानं, तर मासं म्हनून सांगितलं असतं. लाज काय मोठी."

पुढं तलावावर नथूनं कागद उलटसुलट करून पाहिला आणि परवाना एकदम पक्का आहे, आता पौडला कुणी अडवणार नाही असा निर्वाळा दिला. खरंच होतं. त्यात काठ होता, वाटा होता, विक्री होती, शिक्का होता. कोंडिबा बाजाराला गेला नाही.

चार दिवसांनी मी काठानं येत होतो. दगडावर दोन ढीग मांडलेले होते. त्यानं मला हाक मारली आणि पाठ करून बसायला सांगितलं. मी बसलो. समोर शाळा होती, मागं पाणी.

"ह्यो कुनाचा?"

आणि मागं कोंडिबा हळूच खोकला.

मला दुसरं काही येतच नव्हतं. मी म्हणालो, "तुजा."

दुसऱ्या ढिगाचं त्यानं विचारलं नाही.