पिवळ्या ठिपक्याची

तिने राणीला चिमट्याने अलगद उचलून काचेच्या डबीत सोडलं आणि प्रयोगशाळेतल्या पोळ्यासमोर स्टूल ओढून बसली. राणी नसली की गांधीलमाश्यांच्या गादीवर कोण येतं, एवढंच तिला बघायचं होतं. प्रत्येकीच्या पाठीवर रंगाचा ठिपका तिनेच दिला होता. तिची पैज निळीवर होती; निळी सदान् कदा कुणाच्या तरी अंगावर धावून जायची.

दुपारपर्यंत गादीवर बसली ती पिवळी. जिच्याबद्दल इतक्या दिवसांत लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं, ती. ती जवळ आली की बाकीच्या मुकाट अंग चोरत होत्या. निळीसुद्धा.

"हिला निवडलं कुणी?" ती वैतागून म्हणाली.

"कुणीच नाही," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "येता-जाता एकमेकींना भेटतात, त्यातच ठरतं. बघणाऱ्यालाच तेवढं कळत नाही. ते जाऊ दे, उद्याची गाडी ना तुझी? बॅग भरलीस?"

"केव्हाच."

परगावची ही नोकरी तिला जिवापाड हवी होती. आई गेली तेव्हा तिने ती एकदा पुढे ढकलली होती. आता ढकलली तर हातची गेली. घराची तिला काळजी नव्हती. भावजय खमकी होती, घरात आवाज तिचाच असायचा.

घरी आली तर दाराजवळची बॅग गायब.

"माळ्यावर टाकली," भाऊ म्हणाला. "रिकामीच होती ना, ताई."

"रिकामी?"

"कपडे मी इस्त्रीला काढले," भावजय म्हणाली. "बाबा म्हणाले, चुरगळलेत."

"मी आपलं सहज म्हटलं," बाबा म्हणाले. "मला वाटलं, तुझं जाणं रद्द झालं. हाच म्हणाला."

"मी कुठे? मला हिने सांगितलं."

"अहो, मला वाटलं ताईच म्हणाल्या."

ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. चिडावं तर कुणावर, तेच कळेना. कुणी खोटं बोलत नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"मी उद्या जाणार आहे," ती म्हणाली.

"मग जा की," भाऊ म्हणाला, आणि खरोखरच स्टुलावर चढून बॅग ओढू लागला.

"स्वेटर घालू का गं?" बाबांनी मध्येच विचारलं. "गार वाटतंय."

ताटं मांडणारी भावजय थांबली. भावाचा हातही थांबला. दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"निळा नको, धुवायचाय," ती म्हणाली. "राखाडी घाला. खालच्या खणात आहे."

बाबा उठून आत गेले. भावजय पुन्हा ताटं मांडू लागली.

"काढू ना, ताई?" अर्धी बाहेर आलेली बॅग धरून भावाने विचारलं.

राखाडी स्वेटर खालच्या खणात असतो, हे आपल्याला कधीपासून ठाऊक आहे, ते तिला काही केल्या आठवेना.