हातोड्याचं सागवान

बंडूजींची आरामशीन आर्वीहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला होती, आणि त्यांच्या हिशेबी जगात लाकूड दोनच प्रकारचं होतं, हातोड्याचं आणि बिनहातोड्याचं. सरकारी डेपोच्या लिलावात घेतलेल्या प्रत्येक नगाच्या टोकावर जंगल खात्याचा माणूस हातोडा मारून छाप उठवतो आणि सोबत वाहतुकीचा पास देतो. तो माल दिवसाढवळ्या, उजळ माथ्याने येतो. दुसरा माल कसा येतो ते बंडूजींनी पंचवीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, आणि अख्ख्या आर्वीला ते तोंडपाठ होतं.

आता हा कारभार नुसत्या 'नमस्कार साहेब'वर चालतो होय? बदली होऊन जाणाऱ्या साहेबाच्या सामानात बंडूजींच्या मशीनवरचा एक सागवानी दिवाण जायचाच. ती रीतच पडून गेली होती. साहेब लाजरा असला तर बायकोचं नाव सांगायचा, एवढाच फरक. एका महाभागाने दिवाणावर आणखी ड्रेसिंग टेबलही मागितलं, तेव्हा बंडूजी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, तोंडाने 'जी साहेब, जी साहेब' म्हणत माप घ्यायला गेले होते.

तर अशा माणसाची मुलगी मयुरी दोन हजार एक साली बीएस्सी झाली आणि म्हणाली, "बाबुजी, मले पुढं जंगलाचं शिकायचं आहे." तीन माहितीपुस्तिका तिने मागवूनही ठेवल्या होत्या. एक नागपूरच्या पर्यावरणशास्त्राची, एक वन्यजीवांच्या अभ्यासाची, आणि एक पार दुसऱ्या राज्यातल्या संस्थेची, वनशास्त्राची.

जेवणं झाल्यावर तिन्ही पुस्तिका ओट्यावर मांडल्या गेल्या. शकुंतलाबाईंनी, म्हणजे मयुरीच्या आईने, पहिलीला हातही लावला नाही. "पर्यावरण म्हंजे नेमकं काय असते वं? पोराकडचे पाहायले आले अन् विचारलं, तं मी काय सांगू, हवा शिकते म्हणून?" दुसरीवरचा बिबट्या पाहून त्यांनी कपाळालाच हात लावला. "अन् हे? जनावरामागं फिरणारी सून कोणाले पाह्यजे आहे?"

मशीन चालवणारा थोरला धीरज नागपूरच्या बाजूने होता, कारण शनिवारी घरी येता येतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

बंडूजी तिसरी पुस्तिका शेवटच्या पानापासून वाचत होते. माल आधी टोकाकडून पाहायची त्यांची सवय. त्या पानावर लिहिलं होतं की इथले कितीतरी विद्यार्थी आज खात्यात अधिकारी आहेत. बंडूजींनी चष्मा काढला, पुसला आणि ती ओळ पुन्हा वाचली. घरचाच साहेब! आणि वेळ तरी कशी, तर त्या वर्षी मशीनचा परवाना नूतनीकरणाला अडकलेला. दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाने आरामशिनींवर डोळे वटारल्यापासून खातं एकेक कागद उजेडात धरून पाहत होतं. परवाना गेला की मशीनला कुलूप, आणि धीरजच्या हाताला काम नाही.

"वनशास्त्र," बंडूजी म्हणाले.

"वनशास्त्रच," मयुरीही म्हणाली.

गेल्या आठ वर्षांत दह्यात साखर की मीठ एवढ्या गोष्टीवरसुद्धा या बापलेकीचं जमलं नव्हतं. तिथेच बंडूजींना शंका यायला हवी होती. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ना, ते कोणी बंडूजींना पाहूनच म्हटलं असावं. त्यांनी दुसऱ्या दिवशी पेढे वाटले, आणि आधी खात्याच्या कचेरीत वाटले.

मुलाखत नागपूरला होती. कूलर व्हरांड्यात आणि मुलाखत आत, म्हणून दार सताड उघडं. बंडूजींनी दाराशेजारचं बाकडं धरलं. आत तिघं बसले होते, एक बाई आणि दोन पुरुष. मधल्याला पाहून बंडूजींचा चेहरा फुलला. केस पांढरे झाले होते, पण माणूस तोच, ड्रेसिंग टेबलवाला. निवृत्तीनंतर आता पोरं निवडत होता.

"मयुरी, काम फत्ते," बंडूजी तिच्या कानाशी लागले. "मधात बसला तो आपला माणूस आहे. हळूच दिवाणाची आठवण देजो."

"देतो न," मयुरी म्हणाली आणि आत गेली.

टेबलावर लाकडाचे दहा तुकडे मांडले होते. आधी आत गेलेली पोरं ते डोळ्यांजवळ नेऊन फिरवत बसली होती. मयुरीने नाकाला लावले. साग, धावडा, बिजा, हलदू, तेंदू, असं करत दोन मिनिटांत दहाही सांगून मोकळी झाली. वर म्हणाली, "हा साग मुरमाड बरडावरचा आहे, याच्या रेषा पाहा किती दाट आहेत." बाहेर बंडूजी मांडीवर थाप मारता मारता थांबले.

"कुठं शिकलीस हे?" साहेबाने कौतुकाने विचारलं.

"घरीच. आर्वीले आमची आरामशीन आहे." घाबरली की मयुरीच्या तोंडून घरचीच बोली निघायची.

साहेबाने तिच्या अर्जावरचं आडनाव पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

बाजूच्या बाईंनी विचारलं, "घरी लाकूड कापतात आणि तुला जंगल राखायचं शिकायचंय. असं का?"

"मी चवथीत होती तवा वखारीत जो साग ये, त्याच्यावर बसलं का माहे पाय जमिनीले लागत नव्हते. आता येते तो माहा भाऊ काखेत धरून आणते. मी वाढली हे खरं आहे मॅडम, पण एवढी नाई वाढली."

बाई हसल्या नाहीत. "सगळा माल हातोड्याचा असतो?"

पोरी, हो म्हण, बाहेर बंडूजींनी मनात विनवलं.

"दिवसा येते तेवढा."

"आणि बाकीचा?"

"बाकीच्याचे दिवाण होतात. एकदा ड्रेसिंग टेबल बी झालतं."

साहेबाला ठसका लागला. पाणी आणायला धावले ते बंडूजीच, कारण पंचवीस वर्षांची सवय.

परतीच्या एसटीने कोंढाळी गाठली. तेव्हा बंडूजी म्हणाले, "काऊन बोलली वं असं?"

"तुमीच म्हनलं न, आठवण देजो म्हणून." मग ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "खोटं बोलून जंगलाचं शिकून काय करू, बाबुजी? त्यापरीस लग्न लावून द्या."

घरी शकुंतलाबाईंनी सगळं ऐकून एवढंच म्हटलं, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

"अन् दांडा तासला कोणं?" बंडूजी म्हणाले. "मीच न."

आता सीट गेली आणि परवानाही गेला, असं धरून ते चालले होते. महिन्याने पाकीट आलं. मयुरीची निवड झाली होती, यादीत पहिली. परवाना मात्र अजून अडकलेलाच होता. सोबत एक कागद होता, त्यावर पालकाची सही हवी होती. बंडूजींनी तो तीन दिवस गादीखाली ठेवला. चौथ्या दिवशी मयुरीला वखारीत बोलावलं.

"समज तू साहेब झाली, अन् बदली होऊन इकडंच आली. मंग?"

"पहिले आपल्या मशीनवर येईन."

"चहा तं घेशीन?"

"घेईन. दिवाण नाई."

बंडूजींना राग आला, अगदी खरा राग. आणि त्याच रागात छातीही भरून आली, त्याला ते काय करणार? पंचवीस वर्षांत त्यांच्या दारी एकही असा साहेब आला नव्हता, ज्याने दिवाणाला नाही म्हटलं. पहिला भेटला तो घरातच, आणि तोही पोटचा. त्यांनी सही केली. पालकाचा व्यवसाय या रकान्यात दरवेळी 'शेती' लिहायचे, या खेपेला 'आरामशीन' लिहिलं.

निघायच्या दिवशी आर्वीच्या डेपोत धीरजने खांद्यावरून एक पेटी उतरवली. सागवानी, पितळी कडीची, वसतिगृहात कपडे ठेवायला. मयुरीने पेटी पाहिली, आणि तिचा चेहरा पडला.

"उघडून तं पाह्य आधी," बंडूजी म्हणाले.

तिने झाकण उघडलं. आतल्या एका फळीचं टोक रंधा न मारता तसंच ठेवलं होतं, आणि त्यावर हातोड्याचा छाप होता. बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत वाहतुकीचा पास, तारखेसकट.

मयुरी पासाकडे पाहतच राहिली. तिचे डोळे भरून आले.

"रडू नको. अख्ख्या वखारीत हातोड्याचा साग शोधायले मले अन् धीरजले दोन दिवस लागले," बंडूजी म्हणाले. "एकच नग सापडला. तो तुह्या पेटीतच सरला."