पापण्यांनी उचलायचं मीठ

मी मिठाचा एक खडा. नाक मुरडू नका, तुमच्या डब्यातल्या पांढऱ्या पिठाच्या जातीचा नाही मी. माझं गाव शिनान, दक्षिण कोरियातला हजारेक बेटांचा जिल्हा. मराठी मंडळींना हे सांगितलं की एकच प्रश्न येतो, "सोलपासून किती लांब?" राजधानी सोडून जगात कुणी राहतच नाही जणू!

मिन्होच्या आईने मला मिठागरात लाकडी फळीने ओढलं, गोणीत भरलं आणि तीन वर्षं कोठारात ठेवलं. मिठातलं कडू पाणी निथळायला तेवढा वेळ लागतो. मग मिन्हो शिकायला अमेरिकेत ॲन आर्बरला निघाला, तेव्हा गोणीही त्याच्यासोबत आली.

त्याच्याच घरात नागपूरचे दोन भाऊ राहत. थोरला सिद्धेश पीएच.डी. करणारा. धाकटा नंदू दहावी नापास, एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी. बर्फ मिठाने का वितळतो, हे एकाला येई. आमटीत मीठ किती, हे दुसऱ्याला. जेवताना उपयोग कुणाचा, ते तुम्हीच ठरवा.

२००७च्या जानेवारीतल्या एका सोमवारी दारापुढच्या पायऱ्या काचेसारख्या गोठल्या. बर्फावर टाकायचं मीठ संपलं होतं.

"नंद्या, या गोणीतल्या दोन मुठी टाक रे पायऱ्यांवर," सिद्धेश बूट घालत म्हणाला.

"दादा, खायचं मीठ पायाखाली? सांडलेलं मीठ पापण्यांनी उचलावं लागतं. आई काय म्हणते, विसरलास?"

"बरं बाबा, भटजी! मी सांभाळून उतरतो. लॅबला लेट होतोय."

तिसऱ्या पायरीवर तो घसरला. डोकं कडेला आपटलं. मी गोणीत होतो, दारापासून चार हात. खायचं मीठ! पवित्र! कोरडा ठणठणीत बसून राहिलो.

शुक्रवारी त्याचं दहन करून सगळे परतले. इथल्या मराठी मंडळींतल्या शोभना काकू नवऱ्यासोबत डबा घेऊन आधीच आल्या होत्या. "नंदू, दहा दिवस अळणीच खायचं हं. खिचडीत मीठ घातलेलं नाही. आणि आता सावर. स्ट्राँग राहायचं." त्यांच्या नवऱ्याने, चारुदत्त काकांनी, मान डोलावली आणि चिप्सचा पुडा फोडला. सुतक त्यांचं नव्हतं ना.

तेवढ्यात मिन्होने गोणीतून माझे सोबती मुठीत घेतले आणि दारात उभ्या नंदूच्या अंगावर भिरकावले. नंदूने त्याची कॉलरच धरली.

"मीठ फेकतोस? माझ्यावर?"

मिन्हो घाबरून म्हणाला, "आमच्या बेटांवर मयताहून आलेल्यावर टाकतात. वाईट ते दाराबाहेर राहतं."

"सांडलेलं चालतं तुमच्यात?"

"चालतं."

"मग सोमवारी का नाही टाकलंस?"

मिन्हो रडायलाच लागला. नंदूने कॉलर सोडली, गोणी उचलली आणि पायऱ्यांवर पालथी केली.

"अरे अरे, अन्नातलं मीठ! पाप लागेल!" काकू ओरडल्या.

"लागू दे! उचलेन मी पापण्यांनी," नंदू ओरडला. "सगळं उचलेन. दादा द्या परत."

काकांनी चिप्स खाली ठेवले. एवढं मात्र केलं त्यांनी.

उरलेले सोबती त्या बर्फात विरघळून गेले. मी गोणीच्या शिवणीत अडकलो, म्हणून उरलो. आता एप्रिल आहे. पायऱ्या कोरड्या आहेत, कडेला पिवळी फुलं आलीत. तरी नंदू रोज सकाळी उठून तिथे मीठ टाकतो. लोक बघतात. काकूंनी परवा फोनवर कुणाला तरी सांगितलं, "तीन महिने झाले, अजून तेच!"

काकू, एका मिठाच्या खड्यातला कडूपणा निथळायला तीन वर्षं लागली हो. हा तर भाऊ आहे. खिचडी आणाल तेव्हा मीठ घालून आणा. आणि बर्फ संपला, हे त्याला एवढ्यात सांगू नका.