कोंडलेली फुंकर

आईने कपाटावरचा काचेचा गोळा दोन्ही हातांनी उतरवला, बाहीने पुसला आणि मागच्या दारात उभ्या असलेल्या लेकाच्या ओंजळीत ठेवला.

"फोड."



"बाबांचा गोळा? फोडू?"

"किती वर्षं कोंडून ठेवायचं? मोकळं करू आता."

बाबा काच फुंकणारे. शेवटच्या दुखण्यात उभं राहवत नव्हतं, तरी आपल्या कारखान्यात भट्टीपुढे खुर्ची टाकून बसले, उरल्यासुरल्या दमाने हा संत्र्याएवढा गोळा फुंकला आणि त्याचं तोंड बंद केलं. फुंकर आतच राहिली. मामा शेजारीच होते. मामा धर्मगुरू, साधी विचारपूससुद्धा गाऊन करणारा माणूस. त्यांनी तिथंच चाल धरली. "आपल्या यहुदी वाडवडिलांनी आत्म्याला तीन नावं दिली, बाळा. घडवणाऱ्याच्या ओठांशी आहे ती नेशामा, फुंकणीतून वाहतो तो रुआख आणि भांड्यात येऊन ठरतो तो नेफेश. श्वास एकच, मुक्काम तीन!"

लेक तेव्हा कॉलेजात. शिंगं नुकती फुटलेली.

"मामा, पश्चिमेचे तत्त्वज्ञ तर म्हणतात, देह पिंजरा आणि जीव पाखरू."

"पाखरू पिंजऱ्यावर रुसेल रे. फुंकर भांड्यावर कशी रुसेल? तिच्यामुळे तर ते भांडं झालं!"

बाबा धाप लागेपर्यंत हसले होते.

ते गेले, आणि वर्षाच्या आत आई दोन दिवस मामांकडे गेली असताना, कपाटावरचं औषध काढायला गेलेल्या लेकाच्या कोपराचा धक्का लागून गोळा फरशीवर पडला. खळ्ळकन आवाज, आणि आत काहीच नाही. नुसती हवा, तीही खोलीतल्या हवेत मिसळून गेलेली. त्याने तुकडे गोळा केले, भट्टी पेटवली आणि रडत रडत तसाच दुसरा फुंकून कपाटावर ठेवला. तळपायात रुतलेली काच आईनेच आल्यावर सुईने काढली. "कारखान्यात लागली," तो म्हणाला. कारखान्यातल्या काचा बोटभर जाड. ही कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आईने ती उजेडात धरून पाहिली, औषध लावलं, पट्टी बांधली.

तेव्हापासून रोज सकाळी त्याला नको नको व्हायचं. रात्री सांभाळायला दिलेला जीव परत दिला म्हणून आई देवाचे आभार मानायची, मग गोळ्यावर हात ठेवून पुटपुटायची, "ह्या जिवाला सुखात ठेव रे." तो चहाचा कप घेऊन दुसऱ्या खोलीत निघून जायचा. बापाच्या वाटणीची प्रार्थना आपण फुकट खातोय, असं वाटायचं.

आणि आता हे. आपलीच फुंकर बाबांची म्हणून मोकळी करायची, तीही आईच्या डोळ्यांदेखत. ओंजळीतला गोळा घामाने निसटू लागला.

"आई, ह्यात... हा गोळा..."

आई खाली वाकली. दाराआडच्या त्याच्या चपला तिने उचलल्या आणि एकेक करून त्याच्या पायांपुढे मांडल्या.

"आधी ह्या घाल," ती म्हणाली. "मागच्या वेळी अनवाणी होतास."