धाकटीची कंबर

वजन उचलणाऱ्या मुलींच्या संघात ती वयाने सगळ्यात लहान, म्हणून सगळ्या तिला धाकटी म्हणत. दुखणं अंगावर काढण्यात मात्र ती सगळ्यांची थोरली. तळहाताची सालं निघाली तरी पट्टी गुंडाळून पुन्हा बारला हात घालायची, तोंडातून ब्र काढायची नाही. त्यामुळे निवड चाचणीला सहा आठवडे उरलेले असताना ती स्वतःहून फिजिओताईंच्या खोलीत आली आणि "ताई, कंबर दुखतेय," म्हणाली, तेव्हा ताईंनी हातातलं काम टाकून तिला तपासलं आणि त्याच दिवशी एमआरआयला पाठवलं.

अहवाल आला. मणके जागच्या जागी, गाद्या शाबूत, नस कुठे दबलेली नाही. ताईंना हायसं वाटलं. सराव चालू होता तिथेच जाऊन सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "काही नाहीये गं. सगळं ठीक आहे."

"म्हणजे डोक्यातच आहे," प्रशिक्षक सर म्हणाले. "चला, बारकडे."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." दोघी-तिघी हसल्या. धाकटीही हसली. आणि ताईही हसल्या.

त्यानंतर धाकटीची तक्रार बंद झाली. ताई विचारत, "कंबर काय म्हणते?" ती म्हणे, "मस्त." ताईंनी ते खरं मानलं, कारण तेच सोयीचं होतं. चाचणी दहा दिवसांवर आली असताना एका सकाळी धाकटी बारपाशी वाकली आणि तिला रक्ताची उलटी झाली. वेदनाशामक गोळ्या ती दिवसाला आठ-आठ खात होती, तेही कुणाला ताकास तूर लागू न देता. पोटात जखम झाली होती.

धाकटीला हॉस्पिटलमधून घरी सोडल्यावर ताई तिला भेटायला गेल्या. दार थोरल्या बहिणीने उघडलं. तीही एकेकाळी वजन उचलायची. पाठीच्या ऑपरेशननंतर खेळ सुटला होता. तिचं दीड वर्षाचं मूल पायाशी येऊन हात वर करून उभं राहिलं. ती वाकली नाही. "आई, घे गं ह्याला," तिने हाक मारली. आई आतून ओले हात पुसत आली आणि नातवाला कडेवर घेऊन गेली. पलंगावर पडलेल्या धाकटीने तोंड भिंतीकडे वळवलं.

थोरली आत गेल्यावर ताईंनी विचारलं, "कधीपासून असं?"

"तीन वर्षं. वाकायचं म्हटलं की तिला घाम फुटतो." धाकटीने तोंड ताईंकडे वळवलं. "हल्ली बारपाशी वाकले की रोज तीच डोळ्यांसमोर येते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, काही नाहीये. मग जे दुखत होतं त्याचं मी काय करायचं होतं?"

"चुकलं माझं," ताई म्हणाल्या. "अहवालात काही दिसलं नाही, एवढंच मला माहीत होतं. तुला दुखत नाही, हे मी कुठून आणलं? धास्तावलेली कंबरही दुखते, आणि खरीच दुखते."

"म्हणजे डोक्यातच."

"दुखणं सगळ्यांनाच डोक्यात कळतं. सरांच्या गुडघ्याचं जुनं दुखणंसुद्धा."

धाकटी पोट धरून हसली, मग रडू लागली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. सर म्हणाले, "चाचणी तर गेली ना हातची?" आणि पुढे महिनाभर ते ताईंशी कामापुरतंच बोलले.

पोट बरं झाल्यावर ताईंनी धाकटीच्या हातात आधी लाकडी काठी दिली, मग रिकामा बार. दुखलं की तिथेच सांगायचं आणि लपवून गोळी घ्यायची नाही, एवढंच ठरलं होतं. काही दिवस ती न थांबता उचले. काही दिवस नुसती बारकडे बघून, बूट काढून घरी जाई. एकदा थोरली बघायला आली आणि अर्ध्यातूनच उठून गेली. त्यानंतर आठवडाभर धाकटीची कंबर पुन्हा आखडली.

चार महिन्यांनी ती पूर्वीच्या निम्मं वजन उचलत होती. "ही परत पहिल्यासारखी होईल का?" सरांनी विचारलं.

"सांगता येत नाही," ताई म्हणाल्या.

पलीकडे धाकटी मोठ्याने म्हणाली, "आज डावीकडे दुखतंय." कुणी हसलं नाही. ताई तिच्याकडे गेल्या.